पाटीखालचं पाऊल

आमच्या गावच्या शिवेवर, ओढ्याच्या अलीकडे, दगडांचं एक रिंगण आहे. त्याच्या आत जमिनीत खिळे आहेत, गंजून तांबडे झालेले. अमावस्येला तिथे नारळ फुटतो. लेकुरवाळ्या बाया वळसा घालून जातात, आणि नवी सून गावात येते तेव्हा तिला त्या रिंगणासमोर उतरवून टाच आपटायला लावतात. टाच वाजली की ती माणूस ठरली. मग गाडी पुढे निघते. हे सगळं ‘बिनटाची’साठी. टाच नसलेलं एक भूत पूर्वी गावात शिरत होतं आणि त्याला खिळ्यांनी तिथे जखडलं, असं आमची पोरंसोरंही सांगतात.

ते भूत नव्हतं. ज्या माणसाने खिळे ठोकले त्याची ती मुलगी होती, आणि त्याच्या हातात हातोडा मी दिला होता. तिच्याविषयी सांगायचं तर आधी तिच्या बापाविषयी सांगावं लागेल. तसा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

तो गावचा जागल्या, रात्रीचा राखणदार. निजामाचं राज्य होतं. चोरी झाली की माजलगावहून पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून येत, पण ते त्यांच्या सवडीने. तोवर चोराचा माग राखायचं काम जागल्याचं. मातीत उमटलेल्या पावलावर तो पाटी, म्हणजे वेताची टोपली, पालथी घालायचा, वर दगड ठेवायचा. अमीनसाहेब आले की पाटी उचलून, हा पुरावा म्हणून दाखवायचा. आसपासचे सगळेच जागले असं करत. पण याच्यासारखा माग वाचणं कुणाला जमत नसे, म्हणून गाव त्याला ‘माग्या’ म्हणे. खरं नाव फक्त माझ्या वडिलांच्या तोंडी असायचं.

माणसांच्या चेहऱ्याकडे तो पाहतच नसे. बोलताना त्याची नजर समोरच्याच्या पायांवर. माझे वडील वारले आणि पाटीलकी माझ्याकडे आली तेव्हा मी नुकता कुठे मिशी राखू लागलो होतो. डोकं भादरून ओट्यावर बसलो होतो. जो येई तो माझं तोंड पाहून हळहळे. हा आला, उकिडवा बसला, माझ्या पायांकडे बघत म्हणाला, “धाकले पाटील, कालपासून तुमी उजव्या अंगावर भार टाकून चालायलाव. थोरल्या पाटलावाणी.”

तोवर मला रडू आलं नव्हतं. तेव्हा आलं.

त्याची दुसरी तऱ्हा म्हणजे शेपूट. कमरेला मागच्या बाजूला तो निंबाची एक डहाळी बांधायचा. चालला की ती जमिनीवर घासत यायची आणि त्याचं पाऊल त्याच्यामागे लगेच पुसलं जायचं. पोरं ओरडत, “माग्या, शेपूट अडकलं बे!” तो मागे न बघता सांगायचा, “अडकू दे. तुजा पाय ठिवलाय मी पाटीखाली.” ते पोर रडत घरी पळायचं आणि त्याची आई चावडीवर येऊन माझ्याशी भांडायची.

मी एकदा विचारलं, “कावून रे असं करतोस?”

“आपलं पाऊल उघड्यावर टाकून जाऊ नये, पाटील. कुणाच्या हाती लागंल काय सांगावं.”

हाती लागलं तर काय होतं, ते त्याने आम्हाला शेळीच्या वेळी दाखवलं. वाणीअप्पा म्हणून आमच्या गावचे दुकानदार होते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि जिभेला धार. त्यांची दुभती शेळी चोरीला गेली. माग चौसाळ्याच्या वाटेला लागला आणि खडकात हरवला. माग्या माघारी आला, शेवटच्या नीट उठलेल्या पावलाजवळ बसला, आणि टाचेच्या खळग्यात त्याने एक खिळा ठोकला. पुढे माजलगावच्या बाजारात त्याने एका लंगडणाऱ्या माणसाला धरलं. माणूस तोच निघाला.

अमीनसाहेब चावडीवर पोट धरून हसले. “कील मिट्टी में मारा, और लंगड़ाता ये? क्या बोलता बे तू!”

चोराच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. मी स्वतः चिमट्याने काढला आणि माग्याच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, “बघ, काटा आहे. तुझा खिळा नाही.”

त्याने काटा उलटासुलटा करून पाहिला. “काटा हाय. पर त्येला धाडला कुणी?”

त्या दिवसापासून वाणीअप्पांचा त्या खिळ्यावर विश्वास बसला. त्याचा स्वतःचा तर आधीपासून होताच.

माग्याचं घर ओढ्यापल्याड, एकटं. बायको बाळंतपणात गेली होती. कळा लांबल्या, मूल निळं निपजलं, फार उशिरा रडलं. मुलगी लुळी आहे असं सुईण सांगत आली. गावाने हळहळ केली, मग गाव विसरलं. लुळी मुलं फार दिवस जगत नाहीत असा सगळ्यांचा समज, आणि त्याच्या अंगणात कुणाचं काही काम नसे.

मला एकदा काम पडलं. अमीनसाहेबांचा निरोप होता आणि शिपाई जागेवर नव्हता, म्हणून सकाळीच मी स्वतः ओढा उतरलो. अंगण सारवल्यासारखं झाडलेलं. भिंतीला लागून, वळचणीखाली, पाट्या पालथ्या घातलेल्या ओळीने, प्रत्येकीवर दगड. मला वाटलं, एवढ्या चोऱ्या झाल्या कधी? तेवढ्यात निंबाखाली नजर गेली आणि मी जागीच थांबलो.

तिथे एक मुलगी जमिनीत लावलेली होती.

दुसरा शब्द मला सुचत नाही. रोप लावावं तशी ती पोटऱ्यांपर्यंत मातीत होती. माती भोवतीने दाबून बसवलेली. दोन्ही हातांनी तिने निंबाचा बुंधा धरला होता, बोटं आत वळलेली. आठ-नऊ वर्षांची असेल. माझ्याकडे बघून ती हसली, पण ते हसू चेहऱ्यावर यायला वेळ लागला, जणू लांबून चालत आलं.

“हे काय करायलास?” मी त्याच्यावर ओरडलो.

“मातीला तिची सवय लावायलोय,” तो शांतपणे म्हणाला. “माती सोडायलीय तिला, पाटील.”

त्याने हाताने माती उकरली, तिला उचलून ओट्यावर बसवलं, पाय धुतले. पावलं खाली लोंबत होती, बोटं जमिनीकडे, टाचा वर. “हात लावून बघा,” तो म्हणाला. मी लावला. पोटरीचा गोळा वर चढून बसला होता, लहानसा आणि कठीण. त्याच्याखाली टाचेपर्यंतची शीर कापूस पिंजायच्या धनुकलीच्या तातीसारखी ताणलेली. छेडली असती तर वाजली असती. करडईचं कोमट तेल घेऊन तो पोटरी चोळू लागला. मग एका हाताच्या तळव्यावर तिचं पाऊल धरून दोन्ही अंगठे घोट्याशी रोवले आणि सावकाश दाबू लागला. टाच थोडी खाली आली, नाखुशीने.

“बा, हळू,” मुलगी म्हणाली. शब्द अडखळत बाहेर आले, पण स्पष्ट होते.

“हळूच हाय, गोदे.”

त्याने सोडलं, आणि टाच पुन्हा वर गेली.

मग त्याने मला पाट्या उचलून दाखवल्या. दर पोळ्याला तो ओढ्याचा गाळ आणून वळचणीखाली थापायचा आणि तिला धरून त्यावर उभी करायचा. तो गाळ वाळून विटेसारखा झाला होता. पहिल्या पाटीखाली इवलंसं, अख्खं पाऊल. पुढच्या पाटीखाली टाच उथळ. त्यापुढे टाचेची नुसती कोर, नखासारखी. त्यानंतरच्या पाट्यांखाली चवडा आणि बोटं, मागे कोरी माती. प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा मोठं आणि प्रत्येकात टाच कमी. मुलगी वाढत होती आणि जमिनीवरून उचलली जात होती.

“समदी सुटली की जाईल ती,” तो म्हणाला. “म्हून रोज रोवतो.”

याचं कारण मला म्हातारपणी कळलं. दोन वर्षांपूर्वी लकव्याने माझी डावी बाजू गेली. औरंगाबादच्या तरुण डॉक्टरने माझा पाय हातात घेऊन समजावलं, की दोष पायात नाही, मेंदूकडून येणारा हुकूम बिघडलाय. पोटरी सारखी आवळलेली राहते. आवळलेली राहून ती आखडते, आणि टाचेवरची शीर टाच वर ओढून धरते. मी विचारलं, लहान मुलांना होतं का असं? तो म्हणाला, जन्मताना मेंदूला इजा झाली तर होतं. मुलांचं जास्त अवघड, कारण हाड वाढत राहतं आणि पोटरी त्याच्या मागे पडते. मूल जसं उंच होतं तशी टाच वर जाते. रोज ताणावं लागतं, तरी हमी नाही. मी डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, दुखतंय.

त्या दिवशी अंगणात मी एवढंच विचारलं, “चालते का ही?”

“भिंत धरून चालती. पहाटं जात्याची घरघर आली की उठती. बायांच्या ओव्या ऐकायच्या असत्यात तिला. मी पाठंगुळी न्हेतो. कदी मला डोळा लागला तर एकटीच जाती. वढ्याला पाणी घोट्याइतकंच, आन भिंत न्हाई तितं पडत-झडत.” मग माझ्या पायांकडे बघत तो म्हणाला, “गावाला सांगू नका, धाकले पाटील. जेची टाच टेकत न्हाई त्येला गाव काय म्हणतं, तुमाला ठावं हाय.”

मी त्याला शब्द दिला. तो मोडला नाही, हेच माझं पाप. पुढचं ऐका.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तापाची साथ आली. घराघरात माणसं पडली. लहान मुलं जास्त जात होती. आणि त्याच दिवसांत सकाळी घरांच्या भिंतीलगत पावलं दिसू लागली. नुसता चवडा. अंगठा खोल रुतलेला, मागे टाचेचा पत्ता नाही. पावलांच्या मधे मातीवर ओढल्याची रेघ. आणि पांढऱ्या मातीने सारवलेल्या भिंतींवर, लहान मुलाच्या उंचीवर, बोटं आत मुडपलेल्या हाताचे डाग. तो माग एकेका घरापाशी यायचा, जात्याच्या खोलीमागे थांबायचा. तिथे माती बरीच तुडवलेली असायची, जणू कुणी तासभर उभं होतं. मग परत.

बाया पहाटे दळेनाशा झाल्या. तरी माग येत राहिला. ज्या घरात जातं थांबलं होतं, तिथेही कुणीतरी भिंतीला कान लावून उभं राहून जात होतं.

वाणीअप्पांचा नातू गेला त्या सकाळी सगळं गाव ओढ्याकाठी जमलं. तिथे ओलीत माग स्वच्छ उठला होता, गावाकडे येणारा. वाणीअप्पांच्या कपाळावर त्या दिवशी भस्म नव्हतं.

“पाटील, बघा की. टाच न्हाई.”

“जेच्या जेच्या घराम्होरं थांबलं, तितं ताप शिरला,” मागून कुणीतरी म्हणालं. ताप सगळ्याच घरांत होता, हे कुणी बोललं नाही. मीही नाही.

“माग्याला बोलवा. तो सांगंल कोण हाय ते.”

तो आला. डहाळी ओढत आला, पावलाजवळ उकिडवा बसला. फार वेळ बसला. मग त्याने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याने माझा चेहरा पाहिला तो एवढाच. त्या नजरेत विनवणी नव्हती. वडिलांसारखा चालणारा हा माणूस दिसतो तरी कसा, हे तो पाहत असावा.

मी नजर खाली, त्याच्या पायांकडे वळवली.

“माणसाचा माग न्हाई ह्यो,” तो म्हणाला. मागाविषयी तो आयुष्यात एकदाच खोटं बोलला असेल.

“मग ठोक खिळा,” वाणीअप्पा म्हणाले. “माज्या शेळीच्या चोराला ठोकलास तसा.”

“भुताला खिळा लागत न्हाई, अप्पा.”

“कावून? चोराला लागतो आन भुताला न्हाई?” वाणीअप्पा त्याच्याजवळ सरकले. “का तुला ठावं हाय हे कोण हाय ते?”

काही जणांची नजर ओढ्यापल्याड, त्या एकट्या घराकडे गेली. मग सगळे माझ्याकडे वळले, कारण पाटील मी होतो.

मला बोलता आलं असतं. एक लहान पोर आहे, तिच्या टाचा टेकत नाहीत, ती ओव्या ऐकायला येते, आणि उद्यापासून ती माझ्या घरी जात्याशेजारी बसेल, असं म्हणता आलं असतं. माझ्या शब्दाला वजन होतं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं की मी गप्प राहून मुलीला वाचवलं. खरं सांगितलं असतं तर त्या दुःखाने वेडी झालेली माणसं ओढा ओलांडून गेली असती. कदाचित गेलीही असती. पण माझ्या गप्प राहण्याचं ते कारण नव्हतं. घरी माझी बायको आणि तान्हा मुलगा तापाने फणफणले होते. आणि सगळं माहीत असून, ती पोटरी या हाताने चाचपलेली असून, मला त्या घटकेला वाटलं: ठोकला, तर ताप जाईल.

मी लोहाराकडून हातोडा आणि खिळे मागवले. हातोडा त्याच्या हातात मी दिला. म्हणालो, “ठोक.”

त्याने कमरेची डहाळी सोडून बाजूला ठेवली. पहिल्या पावलात त्याने आधी अंगठा फिरवला, बोटांच्या खळग्यांतून, कडेकडेने. खिळा त्याने बोटांच्या मधल्या उंचवट्यावर धरला.

“मदी धर,” वाणीअप्पा म्हणाले. “पावलाच्या मदी.”

त्याने मध्ये धरला. घाव घातला की तो थांबायचा आणि ओढ्याकडे कान द्यायचा. आम्हीही ऐकू लागलो. पलीकडून काही आलं नाही. एकेक पाऊल करत तो पाण्यापर्यंत गेला. मग हातोडा माझ्या पायांपाशी ठेवला आणि डहाळी न घेता ओढा उतरून घरी गेला. त्याची स्वतःची पावलं ओलीत मागे उमटत गेली, खोल टाचांची. ती कशी असतात हे गावाने पहिल्यांदा पाहिलं. कुणी त्यावर पाय दिला नाही.

दुसऱ्या सकाळी मी पलीकडे गेलो. घर उघडं, चूल थंड. निंबाखालचा खड्डा बुजवून सारखा केलेला. अंगणापासून पुढच्या टेकाडापर्यंत सगळी माती झाडलेली होती. तिला पाठीवर घेऊन तो गेला असणार, पण कुठे, ते कुणाला कळलं नाही. तेलगावपासून चौसाळ्यापर्यंतच्या जागल्यांना मी विचारलं. त्याचा माग काढू शकेल असा एकच माणूस होता आणि तोच गेला होता.

पाट्या होत्या तिथेच होत्या. ओळीच्या शेवटी एक नवी होती. मी दगड काढला, पाटी उचलली.

खालचा गाळ ओला होता. त्यात एक पाऊल होतं. अख्खं. बोटं, चवडा, आणि मागे गोल, खोल टाच. टाचेच्या दोन्ही बाजूंना दोन खड्डे, मोठ्या माणसाच्या अंगठ्यांचे. खिळे ठोकून घरी आल्यावर त्याने तिला गाळात उभी केली होती आणि घोट्याशी अंगठे रोवून टाच दाबून टेकवली होती. निदान पाऊल उमटेपर्यंत. आणि मग, अमीनसाहेबांसाठी ठेवायचा तसा, तो पुरावा पाटलासाठी झाकून ठेवला होता.

ओढ्याकडून वाणीअप्पांचा आवाज आला. दोघं-तिघं बरोबर होते. मी डावा पाय त्या पावलावर ठेवला आणि घासला. माती मऊ होती, लगेच पुसली गेली.

“काय हाय ओ पाटीखाली?” अप्पांनी येता येता विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “रिकामी आहे.”

काही दिवसांनी साथ ओसरली. माझी बायको वाचली, मुलगा वाचला. गावाने ते श्रेय खिळ्यांना दिलं आणि भोवती दगड रचले. पाटील म्हणून पहिला नारळ मी फोडला.

त्याच मुलाची बायको आता माझा पाय बघते. तीही त्या रिंगणासमोर टाच आपटून गावात आली आहे. डॉक्टरने शिकवलंय तसं ती रोज सकाळी माझी पोटरी चोळते आणि टाच दाबते. “मामंजी, पाय सोडा. ताठरू नका,” म्हणते. परवा तिने सडा घातल्यावर मला काठीच्या आधाराने अंगणात उभं केलं. दोन पावलं टाकली. मागे वळून बघितलं तर उजवं पाऊल नीट होतं. डाव्याचा नुसता चवडा, आणि पुढे ओढल्याची रेघ.

“असं न्हाई, टेकवा,” ती म्हणाली. खाली बसली, घोट्याशी दोन्ही अंगठे रोवले आणि दाबलं. दुखलं. टाच टेकली. तिने मला धरून बाजूला घेतलं. ओल्या मातीत अख्खं पाऊल होतं, आणि टाचेच्या दोन्ही अंगांना अंगठ्यांचे दोन खड्डे.

“सूनबाई,” मी म्हणालो, “एक पाटी आण.”

“पाटी? कशाला?”

“पालथी घाल त्यावर.”

तिने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं, पण पाटी आणली आणि घातली. मी वर दगड ठेवायला सांगितला, तोही ठेवला. शेजारची बाई कुंपणापाशी थांबली होती. तिने विचारलं, “काय झाकलंय ओ?”

सून माझ्याकडे बघू लागली.

“गोदीचं पाऊल,” मी म्हणालो. “बसा. सांगतो.”